तीस टक्क्यांची घट: लिथियम, उंदीर आणि इनॉसिटॉलचे प्रकरण

1971 साली ‘नेचर न्यू बायॉलॉजी’ या नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा एक निबंध छापून आला. लेखक ॲलिसन आणि स्ट्युअर्ट, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे. सांगायची गोष्ट एकच होती: लिथियम हे मनोविकारावरचे औषध दिलेल्या उंदरांच्या मेंदूच्या वरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, इनॉसिटॉल नावाचा साखरेसारखा रेणू कमी सापडतो. घट होती सुमारे 30 टक्के.

या दोन पानांवर पुढची कित्येक दशके संशोधन चालले. लिथियमवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेला कधी ना कधी या घटीपाशी यावे लागले, काहींना ती उचलून धरायला, काहींना खोडून काढायला. मोजमाप चुकीचे होते असे मात्र फारसे कोणी म्हटले नाही. वाद झाला तो त्या घटीचा अर्थ काय यावर, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

काळ कोणता होता

अमेरिकेत उन्मादावरचे, म्हणजे बायपोलर विकारातल्या बेफाम चढलेल्या मनःस्थितीवरचे, औषध म्हणून लिथियमला अधिकृत परवानगी मिळाली ती 1970 साली, म्हणजे या निबंधाच्या एकच वर्ष आधी. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते रुग्णांना 1948 मध्येच देऊन पाहिले होते आणि डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी 1954 पासून त्यावर पद्धतशीर काम केले होते. पण 1949 साली अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिले गेले, त्यात मृत्यू झाले, आणि तिथे हे नाव बराच काळ बदनाम राहिले. परवानगी मिळाली तेव्हा औषध गुण देते हे माहीत होते. का देते, याचा पत्ता नव्हता.

आणि औषध तरी कसे? आवर्तसारणीतले तिसरे मूलद्रव्य, सोडियमचे धाकटे भावंड. त्याला ना गुंतागुंतीचा रेणू, ना एखाद्या रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्या, खाचेत बसेल असा आकार. शरीर त्याचे विघटन करत नाही. जसे आत जाते तसेच मूत्रपिंडातून बाहेर पडते. असला साधा आयन मनाची भरती-ओहोटी कशी आवरतो हे कोडे असताना कोणी मेंदूतल्या एका ठरावीक रेणूकडे बोट दाखवले, तर सगळ्यांच्या माना तिकडे वळणारच.

पिंजऱ्यातला हिशेब

निष्कर्षांकडे जाण्याआधी उंदरांपाशी थोडे थांबू. प्रयोगशाळेत रॅट म्हणतात तो मोठा पांढरा उंदीर आणि माऊस म्हणतात तो छोटा. मराठीत दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, म्हणून फरक महत्त्वाचा असेल तिथे तो सांगत जाईन.

माणसाच्या रक्तातून लिथियम निम्मे व्हायला साधारण एक दिवस लागतो. उंदीर ते कितीतरी वेगाने लघवीवाटे टाकतो. मोठ्या उंदराला काही तास पुरतात, छोट्याला त्याहून कमी. म्हणजे इंजेक्शन दिल्यावर पातळी एकदम चढते आणि काही तासांतच झपाट्याने उतरते. माणसाला गोळीने मिळते ती संथ, एकसारखी पातळी उंदरात इंजेक्शनने मिळत नाही. म्हणून दीर्घकाळच्या प्रयोगांत लिथियम खाद्यात मिसळतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत स्टॅन्ली रॅपपोर्ट यांच्या गटाने रूढ केलेला आहार असा: पहिले चार आठवडे किलोभर खाद्यात 1.70 ग्रॅम लिथियम क्लोराइड, पुढचे दोन आठवडे 2.55 ग्रॅम. सहा आठवड्यांच्या शेवटी उंदराच्या रक्तात आणि मेंदूत लिथियम साधारण 0.7 मिलिमोलर (दर लिटरमधल्या प्रमाणाचे एकक) भरते, आणि रुग्णांमध्ये डॉक्टर जी पातळी राखू पाहतात तिच्यात हा आकडा बसतो.

खाद्यात मिसळले म्हणजे काम झाले असेही नाही. लिथियममुळे मूत्रपिंडातली ॲक्वापोरिन-2 ही पाण्याची वाट आक्रसते, लघवी भरमसाट होते, उंदीर पाण्याच्या बाटलीला चिकटून बसतो. शरीरातले सोडियम घटले की मूत्रपिंड लिथियमही धरून ठेवू लागते आणि पातळी एकदम चढते. त्यामुळे पिंजऱ्यात साध्या पाण्याच्या जोडीला मिठाच्या पाण्याची दुसरी बाटली ठेवावी लागते. शिवाय उंदीर खातो रात्री, त्यामुळे रक्त किती वाजता काढले यावरही आकडा हलतो.

आणि सगळ्यात गमतीचा भाग असा: लिथियम क्लोराइड हे उंदराला मळमळ आणण्याचे प्रयोगशाळेतले ठरलेले साधन आहे. एखादी नवी चव चाखवून लगेच त्याचे इंजेक्शन दिले, तर तो उंदीर त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही, एकदा पुरते. मग लिथियम दिलेला उंदीर शांत बसला, तर तो शांत झाला म्हणायचे की त्याला बरे वाटत नाहीये म्हणायचे? केड यांचे गिनिपिग इंजेक्शननंतर दोनेक तास निपचित पडून राहिले होते, आणि ते शांतपण कितपत विषबाधेचे होते अशी शंका नंतर घेतली गेलीच. औषधाचा इतिहास त्या निपचित गिनिपिगांपासून सुरू झाला आणि औषध तरीही खरे निघाले, हे नशीबच म्हणायचे.

प्राण्यांवरचा लिथियमचा कोणताही निबंध हातात आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही. मात्रा किती, वाट कोणती, किती दिवस, आणि रक्तातली पातळी मोजली का, हे आधी पाहते. या चारांपैकी ‘किती दिवस’ हा प्रश्न पुढे या प्रकरणाच्या गळ्याशी आला.

घट का झाली

पेशीच्या आवरणात फॉस्फोइनॉसिटाइड नावाची चरबीची मंडळी असतात. बाहेरून संदेश आला की एक एन्झाइम त्यांना कापते. एक तुकडा आवरणातच राहतो, दुसरा, म्हणजे आयपी-3, पेशीच्या आत सुटतो आणि कॅल्शियमची दारे उघडतो. काम संपले की आयपी-3 वरचे फॉस्फेट एकेक करून उतरवले जातात. शेवटचे फॉस्फेट उतरवते ते इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेज हे एन्झाइम. ते उतरले की मोकळे इनॉसिटॉल परत आवरणातल्या चरबीत जाते आणि चक्र पुन्हा फिरते.

सेंट लुईसमध्येच 1976 साली ॲलिसन, शर्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लिथियम दिलेल्या उंदरांच्या मेंदूत इनॉसिटॉल घटते तेव्हा त्याच्या आधीची पायरी, इनॉसिटॉल-1-फॉस्फेट, साचत जाते. गळती कुठे आहे ते आता दिसले: शेवटची पायरी तुंबली होती. 1980 मध्ये हॉल्चर आणि शर्मन यांनी गुरांच्या मेंदूतून हे एन्झाइम वेगळे काढले आणि लिथियम त्याला थेट अडवते हे सिद्ध केले. अडवण्यासाठी लागणारी मात्रा निघाली 0.8 मिलिमोलर. रुग्णाच्या रक्तात ठेवायची पातळी 0.6 ते 1 च्या दरम्यान असते. जैवरसायनात असा योग क्वचित जुळतो. नाही तर परीक्षानळीत हजारपट मात्रा घालून मिळवलेले परिणाम आपण रोज वाचतो.

मेंदूची अडचण दुहेरी होते. मेंदू इनॉसिटॉल मिळवतो मुख्यतः दोन वाटांनी: वापरलेले परत मिळवून आणि ग्लुकोजपासून नवे बनवून. दोन्ही वाटांच्या शेवटी हेच एन्झाइम बसलेले आहे. तिसरी वाट रक्तातून घेण्याची, पण मेंदूची वेस ओलांडून इनॉसिटॉल फारसे आत जात नाही. यकृताला किंवा आतड्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांना रक्तातले इनॉसिटॉल हवे तेवढे मिळते.

देखणा तर्क

केंब्रिजमध्ये मायकेल बेरिज यांनी यातून एक सिद्धांत उभा केला. 1982 साली डाउन्स आणि हॅन्ली यांच्यासोबत त्यांनी उंदराच्या मेंदूचे काप आणि माशीच्या लाळग्रंथी यांवर दाखवले की संदेश जितका जोरदार, तितका लिथियमचा परिणाम मोठा.

याचे कारण एन्झाइम कसे अडवले जाते यात आहे. बहुतेक अवरोधक एन्झाइमच्या जागेसाठी मूळ रेणूशी झगडतात. मूळ रेणू वाढला की अवरोधक ढकलला जातो. लिथियम उलटे वागते. मूळ रेणू एन्झाइमवर बसला की मगच ते येऊन चिकटते. म्हणजे मूळ रेणू जितका जास्त, तितके कुलूप घट्ट. जी चेतापेशी शांत आहे तिच्यात इनॉसिटॉल-1-फॉस्फेट कमी, तिला लिथियम फारसे धक्का लावत नाही. जी भडकलेली आहे तिच्यात ते भरपूर, तिचे कच्चे साहित्यच तुटते. उन्माद उतरावा पण निरोगी माणसाला त्याच मात्रेत फारसे काही जाणवू नये, हे निरीक्षण या एका वाक्यात बसत होते.

इतका नीटनेटका तर्क पाहिला की मन लगेच ‘हेच ते’ म्हणायला लागते. मीही हा सिद्धांत पहिल्यांदा वाचला तेव्हा तसेच म्हटले होते.

उंदीर काय म्हणाले

सिद्धांताच्या बाजूचा सर्वांत ठोस पुरावा जरा भीषण आहे. 1983 साली हॉन्चार, ओल्नी आणि शर्मन यांनी ‘सायन्स’मध्ये कळवले की लिथियम दिलेल्या उंदरांना ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या संदेशवाहक रेणूसारखे काम करणारी औषधे दिली की त्यांना अपस्मारासारखे जीवघेणे झटके येतात आणि मेंदूला इजा होते. पिलोकार्पिन हे त्यातले नेहमीचे औषध. लिथियम आधी दिलेले असेल तर ते एरवीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी पुरते. इस्रायलमधल्या बीरशेबा इथे कोफमन आणि बेलमेकर यांनी अशा उंदरांच्या मेंदूत इनॉसिटॉल पोहोचवले, तर झटके उशिरा आले. काढले तर बिघडते आणि परत दिले तर सुधारते, अशी दुहेरी साक्ष औषधशास्त्रात नेहमी मिळत नाही.

पण या नमुन्यात लिथियम एकदाच, आदल्या दिवशी दिले जाते. त्यातून कळते ते इतकेच की इनॉसिटॉल घटल्याने उंदराच्या मेंदूत काही तरी घडते. महिनोन्महिने गोळी घेणाऱ्या माणसाला गुण का येतो, हे त्यातून कळत नाही.

मग प्राणी बदलून पाहिले. विस्कॉन्सिनमध्ये लोवेल होकिन यांच्या गटाने 1992 च्या सुमारास गिनिपिग, माकड, रॅट आणि माऊस यांच्या कॉर्टेक्सचे काप घेतले. गिनिपिग आणि माकडाच्या कापांत लिथियमने आयपी-3 वाढले. सिद्धांत सांगत होता याच्या बरोब्बर उलट! रॅट आणि माऊसच्या कापांत ते घटत होते, पण त्या कापांना वरून इनॉसिटॉल पुरवले की तिथेही वाढू लागले. म्हणजे उंदराच्या मेंदूचे काप बशीत ठेवतानाच इनॉसिटॉलला महाग झालेले असतात, आणि आपण ज्याला लिथियमचा परिणाम समजत होतो त्यातला काही भाग बशीतल्या उपासमारीचा होता. होकिन यांनीच पत्नी मेबल यांच्यासह 1953 मध्ये फॉस्फोइनॉसिटाइडचा हा सारा प्रकार प्रथम नोंदवला होता. चाळीस वर्षांनी त्याच घरातून शंका आली.

सगळ्यात अवघड प्रश्न विचारला जनुक काढलेल्या छोट्या उंदरांनी. पेशीत इनॉसिटॉल ओढून आणणारे एक वाहक प्रथिन आहे, स्मिट-1. बेरी आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक काढून टाकले. गर्भातल्या पिलांच्या मेंदूत इनॉसिटॉल 92 टक्क्यांनी घटले. लिथियमची घट 30 टक्के. ही तिच्या तिप्पट. पिले जन्मतःच श्वास न घेता आल्याने दगावली. गाभण मादीला इनॉसिटॉल पाजले तर वाचली. पण त्या 92 टक्के रिकाम्या मेंदूत आवरणातली फॉस्फोइनॉसिटाइड चरबी मोजली, तेव्हा ती घटलेली नव्हती. टाकी तळाला गेली तरी नळाला पाणी येतच होते. मग 30 टक्के घटीने संदेशवहन अडते, हे कुठल्या तोंडाने म्हणायचे?

दिवसांचा प्रश्न

आणि आता ‘किती दिवस’. रुग्णाला लिथियम सुरू केले की उन्माद उतरायला एक ते तीन आठवडे जातात, आजाराच्या पुढच्या फेऱ्या टाळण्याचा गुण तर महिन्यांच्या मापाने कळतो. उंदरात एन्झाइम अडते काही तासांत.

1999 साली मूर आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न थेट रुग्णांवर तपासला. बायपोलरच्या नैराश्यात असलेल्या लोकांचे एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआय यंत्राने मेंदूतल्या रेणूंचे प्रमाण पाहण्याच्या पद्धतीने) मोजमाप केले. लिथियम सुरू केल्यावर पाच ते सात दिवसांत मेंदूच्या उजव्या पुढच्या भागात इनॉसिटॉल घटलेले दिसले, म्हणजे उंदरांनी सांगितले ते माणसात खरे ठरले. पण तेव्हा रुग्णांच्या मनःस्थितीत बदल नव्हता. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा इनॉसिटॉल तसेच कमी होते. घट आधी झाली आणि गुण मागाहून आला. दोघांच्या मधल्या काळात काय घडले, हा प्रश्न मोकळा राहिला.

त्या मधल्या काळाचा शोध घ्यायला उंदीर खरे कामी आले, कारण माणसाचा मेंदू दर आठवड्याला कापून पाहता येत नाही. लेनॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवले की लिथियम काही आठवडे दिल्यावर रॅटच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात, मार्क्स नावाचे प्रथिन कमी होते. तात्पुरते दिल्यावर होत नाही. हे प्रथिन चेतापेशीच्या आतल्या सांगाड्याशी आणि नव्या जोडण्या घडण्याशी संबंधित आहे, आणि त्याच्यावर हुकूम चालतो तो प्रोटीन कायनेज-सी या एन्झाइमचा. फॉस्फोइनॉसिटाइड कापल्यावर जो तुकडा आवरणात राहतो म्हणून मघाशी सांगितले, तोच या एन्झाइमला जागे करतो. इथे सेंट लुईसच्या घटीला तिचे खरे काम सापडले असे मला वाटते: तिने पहिला धक्का दिला, आणि त्या धक्क्याने आठवड्यांच्या अंतराने पेशीचा कारभार बदलला. तिलाच अंतिम परिणाम मानले गेले, तिथे गल्लत झाली.

रॅपपोर्ट यांच्या सहा आठवडे लिथियम खाल्लेल्या उंदरांनी आणखी एक वाट दाखवली, आणि तिचा इनॉसिटॉलशी थेट संबंध नाही. त्यांच्या मेंदूत अरॅकिडोनिक आम्ल या मेदाम्लाची उलाढाल, म्हणजे आवरणातून सुटून परत जोडले जाण्याचा वेग, सुमारे तीन-चतुर्थांशाने मंदावला होता. शेजारच्या डीएचए या मेदाम्लाला मात्र धक्काही नव्हता. अरॅकिडोनिक आम्ल मोकळे करणारे एन्झाइम कमी बनत होते आणि त्यापासून दाहकारक रेणू तयार करणारे कॉक्स-2 सुद्धा. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामाझेपिन या बायपोलरवरच्याच, पण रसायनदृष्ट्या काहीच साम्य नसलेल्या औषधांनीही हीच उलाढाल मंदावते, म्हणून मला हा धागा इनॉसिटॉलपेक्षा कमी प्रसिद्ध पण जास्त दमदार वाटतो.

बाकीचे थोडक्यात. डेट्रॉइटमध्ये चेन आणि मंजी यांच्या गटाने 1999 मध्ये दीर्घकाळ लिथियम दिलेल्या उंदरांच्या पुढच्या कॉर्टेक्समध्ये पेशी जगवणारे बीसीएल-2 हे प्रथिन वाढलेले दाखवले, आणि पुढच्या वर्षी छोट्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी सुमारे 25 टक्क्यांनी जास्त. आणि 1996 मध्ये क्लाइन आणि मेल्टन यांनी जीएसके-3 या दुसऱ्याच एन्झाइमला लिथियम अडवते हे समोर आणले. त्यांनी बेडकाच्या गर्भावर एक निर्णायक चाचणी केली: इनॉसिटॉलच्या एन्झाइमला अडवणारे दुसरे, लिथियमहून कितीतरी प्रभावी औषध दिले. लिथियमने गर्भात होणारा बिघाड त्याने झाला नाही. तेव्हापासून संशोधनाचा मोठा ओघ जीएसके-3 कडे वळला.

एक आडवळण, औषधाच्या दुकानातले

हल्ली आपल्याकडे मायो-इनॉसिटॉलची पाकिटे पीसीओडीसाठी सर्रास दिली जातात. पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या दुकानातही मिळतात. लिथियम घेणाऱ्या एखादीला पीसीओडी असेल आणि तिने वरचे सगळे वाचले, तर मनात येणारच: औषध इनॉसिटॉल कमी करून काम करते, मग मी वरून तेच खाल्ले तर? प्राण्यांच्या अभ्यासातून याचे उत्तर ना ‘बिनधास्त खा’ असे निघते, ना ‘औषध फुकट जाईल’ असे. मेंदूची वेस इनॉसिटॉलला सहज ओलांडता येत नाही, त्वचेला तसा अडसर नाही. लिथियममुळे बळावलेल्या सोरायसिसमध्ये इनॉसिटॉल देऊन त्वचा सुधारल्याची एक छोटी चाचणी 2004 साली स्कॉटलंडमध्ये झाली आहे. पाकीट सुरू करण्याआधी ही गोष्ट मनोविकारतज्ज्ञाच्या कानावर घालायला हवी, आणि स्त्रीरोगतज्ज्ञाच्याही. दोघांना एकमेकांची चिठ्ठी दिसतेच असे नाही.

2008 चे उंदीर

शेवटी पुन्हा त्याच एन्झाइमकडे. क्रिन्स आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेजचे मुख्य जनुक, इम्पा-1, काढलेले छोटे उंदीर तयार केले. ही पिले गर्भातच मरत. मादीला पाण्यातून इनॉसिटॉल दिले तर जन्मत आणि मोठी होत. मोठी झाल्यावर त्यांना पिलोकार्पिन दिले तर लिथियम दिलेल्या उंदरांसारखेच ते झटक्यांना चटकन बळी पडत. पाण्यात सोडून केलेल्या चाचणीत ते लवकर हार मानत नसत. लिथियमवरचे उंदीरही त्या चाचणीत असेच वागतात. हिप्पोकॅम्पसमध्ये एन्झाइमचे काम निम्म्याहून अधिक बंद होते. म्हणजे एन्झाइम अडले आणि वागणे लिथियमसारखे झाले, इथपर्यंत सेंट लुईसचा तर्क टिकला.

मग त्यांच्या मेंदूतले इनॉसिटॉल मोजले. ते कमी झालेले नव्हते.